रुंद पातं

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानमधल्या निईगाताच्या डोंगराळ भागात राहत होतो. शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांचं बोलणं तुटक, आणि बोलण्याआधी नाकातून एक ‘हं’ ठरलेला. त्या वर्षी नगरपालिकेने कळवलं की आमच्या गल्लीत दोनच घरं असल्याने तिथला बर्फ यापुढे काढला जाणार नाही, हिवाळ्यापुरतं खाली गावात राहायला या. मी बॅगा भरायला घेतल्या. बाई म्हणाल्या, “हं. आधी दुकानात चला.”

शेतावर फिरायला त्यांच्याकडे चार जाड चाकांची उघडी गाडी होती. तिच्यापुढे लावायला बर्फ लोटायचं पातं हवं होतं. दुकानदाराने अदबीने एक अरुंद, हलकं पातं दाखवलं. “बायकांना हे झेपतं.”

बाईंनी खिशातून गाठ मारलेली दोरी काढली. चाकांमधली रुंदी त्या घरूनच मोजून आल्या होत्या. बर्फ कडेला लोटताना असतं तसं त्यांनी पातं तिरकं करायला लावलं आणि दोरी समोर धरली. पातं चार बोटं कमी पडलं.

“हं. म्हणजे चाकं बर्फातच रुतणार. बाई बघून आमच्याकडचा बर्फ हलका होत नाही.”

त्यांनी सगळ्यात रुंद, लोखंडी पातं घेतलं.

पहिला मोठा बर्फ पडला, त्या सकाळी नगरपालिकेचा माणूस आम्हाला खाली न्यायला आला. त्याची मोटार थेट आमच्या दारापर्यंत आली. बाई पातं लावलेल्या आपल्या गाडीवरच बसून होत्या. त्यांनी इंजिनही बंद केलं नाही.

“रस्ता मोकळा आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला परत जाता येईल.”