दोन बोटं माया

तेहेतीस वर्षं मी एकाच दारावर उभी राहून तिकिटं फाडतेय. सिनेमे मी फारसे बघत नाही, लोकांची मतं मात्र ऐकते. खेळ सुटला की प्रत्येकाच्या तोंडात एक मत असतंच, आणि ते बाहेरच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकतं. पुढे माणसाला आपली गाडी कुठे लावली ते आठवतं आणि मत तिथेच सांडतं. झाडायला मीच असते.

त्या महिन्यात आमच्याकडे तो मारामारीचा सिनेमा लागला होता. मारामारी गुंडांची नव्हे, खेळातली. जाळीच्या पिंजऱ्यात दोघींना सोडायचं आणि ठोसे, लाथा, कुस्ती, हात पिरगाळणं, सगळं चालतं. गोष्ट सरळ होती. कारखान्यातली एक गरीब पोरगी पिंजऱ्यात उतरते, मध्यंतराच्या आत एका दांडग्या चँपियनकडून सडकून मार खाते आणि शेवटी तिलाच लोळवते. लोक शिट्ट्या मारत बाहेर पडायचे.

सिनेमाच्या कंपनीने एक लाल पेटी आणि कोऱ्या कार्डांचे गठ्ठे पाठवले होते. पेटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘तुमचं मत थेट कलाकारांपर्यंत!’ मॅनेजरसाहेब म्हणाले, “बाई, तुम्हाला तसंही दिवसभर काम काय असतं? शिव्या लिहिलेली, कोरी आणि खोटी कार्डं काढून टाका. बाकीची दर शनिवारी पाकिटात घालून पाठवा.” काम काय असतं म्हणे! यांना एकदा त्या दारावर उभं करायला हवं, पायांच्या पोटऱ्या बोलायला लागतील.

पण खरं सांगते, मला ते काम आवडलं. घरी गेल्यावर माझ्याशी बोलायला भिंतीसुद्धा तयार नसतात. इथे निदान दोन-तीनशे माणसं रोज काहीतरी सांगत होती, मला नाही तर नाही. ‘हिरॉईन झकास, खुर्च्या भिकार.’ ‘मारामारी खरी वाटली, प्रेम खोटं वाटलं.’ ‘माझी बायको रडली, मी नाही.’ खाली दुसऱ्या अक्षरात, ‘खोटं बोलतोय, हाच रडला.’ चँपियनबद्दल मात्र कोणाला चांगला शब्द सुचत नव्हता. ‘नुसती भिंत.’ ‘हिला कुठून पकडून आणली?’ आणि एका जागेवर तर सगळ्यांचं एकमत. मध्यंतराच्या जरा आधी चँपियनने हिरॉईनचा हात मागे पिरगाळलेला असतो, अजून एक हिसका आणि हाड मोडणार, तेवढ्यात ती हात सोडून देते. ‘असं सोडतं का कोणी? दिग्दर्शकाची घोडचूक.’ ‘चँपियन हात मोडायचाच विसरली, हा हा.’

अशा ढिगात एक कार्ड निघालं. ‘हात सोडला ती चूक नाही. तिने माया ठेवली.’

वा, म्हटलं, कोणीतरी हळवं माणूस दिसतंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा कार्ड, अक्षर डावीकडे झुकलेलं: ‘चँपियनचं काम उत्तम. माया ठेवून मारते.’ तिसऱ्या दिवशी लाल शाईत: ‘माया ठेवायला हात तयार लागतो. चँपियनला सांगा.’ दोन आठवड्यांत अशी सोळा कार्डं झाली; संशय आला म्हणून मी ती शनिवारच्या पाकिटात न घालता बाजूला ठेवली होती. अक्षरं सोळा तऱ्हेची, पण माया प्रत्येकात, आणि प्रत्येक कार्डाच्या कडेला निळ्या खडूचा पुसट डाग. माझं डोकं फिरलं. मला काय दुधखुळी समजतात? एकच माणूस सोळा माणसं बनून पेटी भरतोय! लबाडी मला खपत नाही, मग ती कोणाच्या कौतुकाची का असेना. सोळाच्या सोळा कार्डं मी टराटरा फाडली आणि कचऱ्यात टाकली.

मग नजर ठेवली. चोर सापडायला वेळ लागला नाही. रोज तीनच्या खेळाला एक साठी उलटलेला माणूस यायचा. इस्त्रीचा शर्ट, कोपऱ्यातली खुर्ची, आणि खिशातून माप घ्यायच्या टेपचं टोक बाहेर आलेलं. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणायला लागले होते, शिंप्याला दुसरं काय म्हणणार? हिरॉईन जिंकायच्या आधीच ते उठून यायचे आणि पायऱ्यांपाशी उभे राहायचे. लोक बाहेर पडताना काय बोलतात ते मान खाली घालून ऐकायचे. कोणी चँपियनला म्हैस म्हटलं की दोन पावलं मागे सरायचे.

सोमवारी त्यांना पेटीपाशी गाठलं. “मास्तर, सिनेमा बघायला येता की पेटी भरायला?”

ते इतके दचकले की कार्ड हातातून पडलं. मला वाटलं आता भांडतील. मी तयारच होते. पण ते म्हणाले, “बाई, माझी मुलगी आहे ती.”

“कोण, हिरॉईन?” मी उडालेच.

“नाही. हरते ती.”

मग लाकडी बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मला दार सोडता येत नव्हतं, म्हणून मी उभ्याउभ्याच ऐकलं. बायको लवकर गेली, पोरगी दुकानातच वाढली. ते माप घ्यायचे आणि ओरडून सांगायचे, ती वहीत लिहायची. पुढे तिला या खेळाचं वेड लागलं. पहिल्या सामन्यासाठी तिने काळं कापड आणून समोर ठेवलं, चड्डी आणि वरून घालायचं जाकीट शिवून द्या म्हणाली. मास्तर म्हणाले, “असल्या थेरांना माझी सुई लागणार नाही.” पोरगी दारात थांबली. म्हणाली, “बाबा, लोकांच्या कपड्यांत तुम्ही दोन-दोन बोटं माया ठेवता. माझ्यासाठी अर्धं बोट ठेवली असती तरी चाललं असतं.” आणि गेली. त्याला सात वर्षं झाली.

“कपड्यात माया म्हणजे?” मी विचारलं. मी आयुष्यभर तयार कपडे घालणारी, मला कुठून माहीत असणार!

“शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते. माणूस वाढतं, जाड होतं. माया असली की उसवून सैल करता येतं. नसली की कपडा गेला.” मग म्हणाले, “तो हात तिने सोडला ना, तो सिनेमातला नाही बाई. ती तिची लहानपणापासूनची सवय आहे. मला कळतं. लोक चूक म्हणतात.”

तिचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. जुना फोन बंद होता. कंपनीत विचारलं तर कलाकारांचे पत्ते देत नाही म्हणाले. मग ही पेटी दिसली. थेट कलाकारांपर्यंत. “एवढ्या कार्डांतलं एखादं तरी तिच्या हातात पडेल,” ते म्हणाले. “नाव घातलं तर न वाचता फेकेल. माया वाचलं की ओळखेल. तेवढं झालं की बास.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “पोचत असतील ना हो?”

मी म्हणाले, “पोचतात तर. दर शनिवारी.” जीभ कशी उचलली कोण जाणे. त्या रात्री मला घास गोड लागला नाही. सोळा कार्डं, बाई, सोळा! आपल्याला कोणाचं चांगलं बघवत नाही असं आहे का, हे मी स्वतःला चार-चारदा विचारलं. उत्तर काही बरं आलं नाही.

त्यानंतरचं एकही कार्ड मी वगळलं नाही. शेवटच्या शनिवारी मास्तरांची त्या आठवड्याची सगळी कार्डं वेगळ्या पाकिटात घातली, वर सिनेमाच्या शेवटी पाट्यांत येतं ते त्यांच्या मुलीचं नाव लिहिलं, आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरचा शिक्का त्यांना न विचारता दणकन मारला. मग बसून स्वतःचं एक कार्ड लिहिलं, तेहेतीस वर्षांतलं पहिलं. ‘ही सगळी कार्डं एकाच माणसाची आहेत. तो रोज तीनच्या खेळाला येतो आणि तू हरायच्या आधी उठून जातो. पहिली सोळा मी फाडली, त्याला बोल लावू नकोस.’ खाली थिएटरचा पत्ता.

शुक्रवारी सिनेमा उतरला आणि एक विनोदी काहीतरी लागलं. मास्तर तीनला आले, नवं पोस्टर बघितलं, मला मान हलवून नमस्कार केला आणि परत गेले. त्यांचं दुकान कुठे आहे ते मी विचारलंच नाही. इतके दिवस माणूस चार हातांवर बसत होता!

तीन आठवड्यांनी थिएटरच्या पत्त्यावर एक पार्सल आलं. वर लिहिलेलं, ‘माया लिहिणाऱ्या मास्तरांना.’ मॅनेजरसाहेब म्हणाले, “हा कोण प्राणी?” मी पार्सल त्यांच्या हातून जवळजवळ हिसकावलंच.

सुट्टीच्या दिवशी निघाले. गावातल्या प्रत्येक शिंप्याच्या दारात जाऊन विचारलं, निळा खडू वापरणारे, इस्त्रीचा शर्ट घालणारे मास्तर कोण? दोघांनी मला वेड्यात काढलं. एकाने सहानुभूतीने पाणी दिलं. नवव्या दुकानात, म्हणजे एका जिन्याखालच्या खोपट्यात, मास्तर मशीनवर वाकलेले सापडले. मी पार्सल त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी दोरी कापली नाही, गाठ सोडवली. त्यात दहा मिनिटं गेली, माझा जीव टांगणीला. आत घडी घातलेलं काळं कापड होतं आणि एक कागद. मला वाटलं पत्र असेल. पत्र नव्हतंच. नुसती मापं होती, खालोखाल. छाती, कंबर, उंची, बाही. सगळ्यात शेवटी लिहिलेलं, ‘माया दोन बोटं.’

मास्तर कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, “झालं की हो मास्तर! शिवा आता, बघता काय?”

“शिवता येणार नाही,” ते म्हणाले.

“का?”

त्यांनी बोट ठेवलं. मापांच्या मध्ये एक ओळ होती, ‘पाठ’, आणि तिच्यापुढे काहीच नव्हतं.

“विसरली असेल,” मी म्हणाले.

“ती विसरणार नाही. नऊ वर्षं मापांची वही तिने लिहिलीय.” त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. “छाती, कंबर स्वतःची स्वतः घेता येते बाई. पाठीचं माप एकट्याला घेता येत नाही. मागे कोणीतरी उभं राहावं लागतं.”

मग ते रडले. लपवलं वगैरे नाही. मला काय करावं कळेना, म्हणून मी सुटलेली दोरी गुंडाळत बसले. पार्सलच्या कागदावर पाठवणारीचा पत्ता होता. मास्तरांनी तेवढा तुकडा कापून घेतला, टेप खिशात घातली, मशीनवर कापड झाकलं आणि मला विचारलं, “त्या गावची गाडी किती वाजता असते हो?”

मी त्यांना स्टँडवर सोडून आले. गाडी हलताना त्यांनी हात केला. मीही केला.

घरी येताना वाटेत एक टेप विकत घेतली. दार लावलं, आरशाकडे पाठ करून उभी राहिले आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप नेऊन बघितली. दोन-तीनदा बघितली. खरंच येत नाही.