लाल दिव्याला थांबणारा माणूस

बाबांना कुणी विचारलं, युद्धात काय केलंत, की ते म्हणत, "गाडी चालवली." आणि पेपर तोंडापुढे धरत.

असं टाळण्याचं खरं कारण आईने मला सांगितलं होतं. एकाहत्तर साली बाबा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते, पण त्यांना बंदूक घेऊन लढायचं होतं. रेल्वेतल्या साहेबांच्या मागे लागून ते लष्कराच्या निवड चाचणीला गेले. आकाशात लाल फ्लेअर उडाली की धावत सुटायचं, असं सगळ्यांना बजावलं होतं. फ्लेअर उडाली, सगळे धावले आणि बाबा उभेच राहिले. लाल दिसल्यावर पुढे जायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना इंजिनावर परत पाठवलं. युद्धभर त्यांनी सीमेकडे दारूगोळा ओढला आणि तेव्हापासून ते स्वतःला भित्रा समजत आले.

बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये आमच्या समोर एक निवृत्त सुभेदार राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी, निम्मं बोलणं कन्नड. लढणारा मोठा की पोचवणारा, हा वाद दोघं रोज सकाळी कॉफीवर घालतात. गंमत म्हणजे बाबा बंदुकीची बाजू घेतात आणि सुभेदार इंजिनाची. दोघंही इतके हट्टी की मी कॉफी ठेवते आणि आत जाते.

यंदा सव्वीस जानेवारीला जे. पी. नगरात माजी सैनिकांचा कार्यक्रम होता; सुभेदार आम्हालाही घेऊन गेले. सुभेदारांनी पुढची खुर्ची दाखवली. बाबा मागे जाऊन बसले. मला भयंकर राग आला.

"अण्णा, पुढे का नाही बसला?" परतताना रिक्षात सुभेदारांनी विचारलं.

बाबांनी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने फ्लेअरची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता सुभेदार हसणार. हसले असते तर मी त्यांना खाली उतरवलं असतं.

"मी धावलो होतो, लढाईत," सुभेदार म्हणाले. "सगळेच धावलो. दुपारपर्यंत गोळ्या संपल्या. मग स्वल्प वाट बघत बसलो, तुमच्यासारख्या कुणाची तरी."



पुढे सिग्नल लाल झाला. रस्ता मोकळा होता, रिक्षावाल्याने वेग वाढवला. बाबा सवयीने म्हणाले, "थांबा." याला घरातले सगळे हसतात, मीसुद्धा.

सुभेदारांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "निल्सप्पा, थांबव जरा," ते म्हणाले, "मिलिटरीवाले आहेत."

रिक्षा थांबली. दिवा हिरवा होईपर्यंत बाबा ताठ बसले होते.