काढून टाकण्यात आलेला मजकूर

आयुष्यात मी बरंच काही लिहिलं, पण लोकांनी मनापासून वाचलं ते एकच वाक्य. वाचून त्यातल्या बऱ्याच जणांना माझ्या मुस्काटात मारावीशी वाटली असेल. ते वाक्य असं: "आपण प्रसृत केलेला मजकूर मंचाच्या नियमांशी विसंगत आढळून आल्याने काढून टाकण्यात आला आहे; सहकार्याची अपेक्षा आहे."

तेव्हा औरंगपुऱ्यात माझं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, अर्ज, कुणाकुणाचे प्रबंध. माझं शुद्धलेखन बरं, म्हणून आसपासच्या चार दुकानांत मला भाषेतलं कळतं असा समज होता, आणि तो मी हौसेनं जपला होता. दुष्काळाची वर्षं होती. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही येईलच याचा भरवसा नाही. शहर मात्र पाण्याला न विचारता चारी बाजूंनी पसरत चाललं होतं. पडेगावाकडे ज्या जमिनीत काल ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा दिसायच्या आणि वर्षभरात घरं उभी राहायची. त्या घरांपर्यंत नळ पोचायचा होता, टँकर पोचला होता.

अशात कुणीतरी इंटरनेटवर शहराचा एक मंच सुरू केला. कल्पना चांगली होती. कुठं पाणी आलं, कुठं नाही, कुठला रस्ता खणून ठेवलाय, ज्याला जे दिसलं ते त्यानं लिहावं. सुरुवातीचे काही महिने लोक खरोखर तसं लिहीत होते. मग गर्दी वाढली, तेव्हा शिस्त हवी म्हणून तीन शहाणे नेमले गेले, आणि त्या तीन शहाण्यांनी स्वतःला 'नियंत्रक मंडळ' असं नाव दिलं.

पहिले आमचे अध्यक्ष. एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर अर्ज येईनासे झाले तसा माणूस खंगायला लागला होता. मंचानं त्यांना पुन्हा अर्जदार मिळवून दिले आणि त्यांच्या गालावर रंग आला. दुसरे एका खासगी कॉलेजातले प्राध्यापक. ते प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायचे. तिसरा मी, मसुदे लिहायला. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी माझी गत झाली. भाषेची घमेंड होतीच, तिला आता अधिकार मिळाला.

दर रविवारी सकाळी माझ्या दुकानात अर्धं शटर ओढून आम्ही बसायचो. चहा यायचा. अध्यक्ष चष्मा पुसून म्हणायचे, "हं, काय काय घाण केलीय लोकांनी?" मग आम्ही साफसफाई करायचो. मुकुंदवाडीच्या एका माणसानं लिहिलं होतं, "लई झालं आता, पाणी सोडा नाय तर खुर्ची सोडा." अशिष्ट भाषा, काढा. एक आजोबा रोज सकाळी तेवढंच विचारायचे, "आज नळ आला का कुठं?" पुनरावृत्ती, काढा. साऱ्या शहराला तेव्हा तो एकच प्रश्न विचारायचा होता, हे आमच्या टाळक्यात शिरलं नाही. काढलं की माझं वाक्य त्या माणसाला जायचं. आम्ही नाकानं कांदे सोलत होतो आणि आम्हाला वाटायचं, शहराची सेवा चालली आहे.

जूनच्या मध्याला, शाळा उघडायच्या सुमाराला, पडेगावच्या एका बाईंनी लिहिलं. मला ते आजही पाठ आहे. "मी शाळेचे ड्रेस शिवते. मे महिन्यात ज्या पोरांची मापं घेतली त्यातल्या चौघांची कंबर आता दीड-दोन इंच उतरली आहे. डोळे पिवळे आहेत. चौघं दोन गल्ल्यांतले आहेत आणि एकाच टँकरचं पाणी पितात. पाण्याला वास येतो. सर्वांनी उकळून प्या. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते कोणी मोठ्या माणसानं जाऊन बघा."

अध्यक्षांनी पहिलं वाक्य वाचलं आणि बोट ठेवलं. "मी शाळेचे ड्रेस शिवते. सुरुवातच धंद्यानं! जाहिरात आहे ही. नियम चार."

प्राध्यापक म्हणाले, "आणि पुढं शिंपीणबाईंचा वैद्यकीय अहवाल."

मी हसलो. खरं सांगायचं तर मोठ्यानं हसलो, चहा सांडला. ज्या बाईनं हातात टेप धरून पोरांचं आजारपण मोजलं होतं, तिला आम्ही तिघांनी मिळून हसून घेतलं आणि तिचा मजकूर काढून टाकला. माझं वाक्य गेलं, सोबत 'जाहिरातसदृश' हा शब्द मी नव्यानं घातला. तो मला फार आवडला होता.

तिचं उत्तर तासाभरात आलं. "जाहिरात नाही. या दिवसांत मला काम आवरत नाही, अजून कशाला बोलावू? पाण्याबद्दल लिहिलं होतं. कोणी काढलं?"

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारला की कर्ता सापडतो. माझ्या वाक्याला तो प्रश्न विचारला तर काहीच सापडत नव्हतं. मजकूर काढण्यात आला होता. कुणी काढला नव्हता. पाऊस यावा, वीज जावी, तसं ते घडलं होतं. मी हे वाक्य मुद्दाम तसं घडवलं होतं आणि अध्यक्षांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. ते म्हणायचे, "नाव कधी द्यायचं नाही. नाव दिलं की माणूस दारात येतो." मी तिला उत्तर दिलं नाही.

आठवड्यानं तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी शहाणी होऊन तिनं शिवणकामाचा उल्लेख गाळला. पडेगावात टँकरच्या पाण्यानं पोरांना कावीळ होते आहे, उकळून प्या, एवढंच. प्राध्यापकांनी मान हलवली. "पुरावा काय? मापं नाहीत, आकडे नाहीत. अफवा. नियम सात." मापं होती. आठवड्यापूर्वी आम्हीच ती काढून टाकली होती. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, अगदी शपथेवर सांगतो, आणि तरी मी गप्प बसलो, कारण रविवारच्या चहात कुणाचं तोंड कडू करायची मला हिंमत नव्हती. अशा भित्र्या माणसाला माझ्या आजोळी 'शेळी' म्हणायचे. शेळीसुद्धा वेळेला बें करते.

तिसऱ्यांदा तिनं लिहिलं, "ज्यानं काढलं त्यानं नाव आणि फोन द्यावा. मी समजावून सांगते."

अध्यक्षांचा आवाज चढला. "समजावून सांगते म्हणजे काय? ही धमकी आहे!"

आयुष्यभर टेबलामागं बसलेल्या माणसाला एका शिवणकाम करणाऱ्या बाईची धमकी वाटली. मी न हसता नियम नऊ, व्यक्तिगत रोख, असं टाइप केलं. शेवटी 'आपल्या भावनांचा आदर आहे' असंही जोडलं. इतकं गुळगुळीत खोटं त्याआधी मी कधी लिहिलं नव्हतं.

नंतर महिनाभर ती गप्प होती. जुलै सरत आला, आभाळ कोरडं ठणठणीत. एक दिवस मंचाच्या पत्त्यावर तिचा निरोप आला. "जो कोणी असाल तो एकदा येऊन बघा. छावणीकडून आलं की रिकामी पाण्याची टाकी लागते. तिच्या मागची दुसरी गल्ली. मशीनचा आवाज येतो ते घर." ती टाकी सगळ्यांना माहीत होती. बांधून झाली होती, रंग लावून झाला होता, पाणी तेवढं आत कधी पडलं नव्हतं.

मी गेलो. का गेलो ते लपवत नाही. मी नियम समजावून सांगायला गेलो. मंचाच्या नियमावलीची स्वच्छ प्रत छापून, घडी करून खिशात घेऊन गेलो. दुपारच्या उन्हात गाडी चालवत असताना मनात वाक्यं जुळवत होतो की, ताई, आपला हेतू चांगला असेल, पण प्रत्येक मंचाची एक शिस्त असते.

दार उघडंच होतं. चाळिशीच्या आसपासची बाई, डोक्यावर ओढणी, गळ्यात टेप, मशीनवर निळ्या कापडाचा ढीग. मी मंचाकडून आलो म्हटल्यावर ती उठली. "या ना, बसा. तुम्हीच काढलं का?"

"मंडळानं," मी म्हणालो.

"मंडळ म्हणजे किती लोकं?"

"तिघं."

"मग तिघांत कोण?"

"तसं नसतं ते," मी म्हणालो आणि खिशातून कागद काढला. पहिल्या नियमापासून सुरुवात केली. तिनं मला मध्ये तोडलं नाही. चौथ्या नियमापर्यंत आलो तेव्हा माझं लक्ष खोलीतल्या खाटेकडं गेलं. नऊ-दहा वर्षांची मुलगी भिंतीकडं पाठ करून बसली होती आणि माझ्याकडं टक लावून बघत होती. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा झाला होता.

"माझी पोरगी," ती म्हणाली. "पैली पोस्ट टाकली तवा ही चांगली होती. मी लोकांच्या पोरांसाठी लिहिलं होतं."

"मग तुम्ही पाणी उकळत नव्हता का?" मी विचारलं. असा प्रश्न विचारायलाही एक निर्लज्जपणा लागतो, तो माझ्याकडं होता.

"उकळत होते ना. पन ही शेजारी खेळाया जाती, तिथं पिती. शेजारणीला लई सांगितलं. ती म्हणली, लिहिलेलं दाखव. मोबाईल काढला तर तिथं कायच नाय. तुमचा तो निरोप तेवढा होता. तिनं वाचला आन म्हणली, काढून टाकलं म्हंजी झूटच असंल. उकळलंच नाय तिनं. तिची बी दोन पोरं पडली."

कागद माझ्या हातात तसाच राहिला. माझ्या वाक्यानं एक मजकूर पुसला एवढंच मी समजत होतो. ते वाक्य त्या गल्लीत जाऊन काय बोललं ते मला तिथं कळलं. मला स्वतःची किळस आली. मी नियमावलीची घडी घालायला लागलो. ती नीट बसेना, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

ती आत गेली आणि स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन आली. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला, तो कोणी का असेना, आधी पाणी देतात. दुष्काळातही देतात. ग्लास काठोकाठ भरलेला होता. औरंगपुऱ्यापासून उन्हात आलो होतो, सदरा पाठीला चिकटला होता, घसा कोरडा पडला होता. मी ग्लास हातात घेतला, आत पाहिलं, आणि न पिता मशीनच्या फळीवर ठेवला.

"आत्ताच पिऊन निघालो," मी म्हणालो.

ती आधी ग्लासाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रविवारी सकाळी आम्ही तिघं लोकांबद्दल जी तुच्छता दाखवायचो, तिचा मला तेव्हा अर्थ कळला, कारण या बाईच्या नजरेत ती खरी होती आणि तिला तसा हक्क होता.

"उकळून गार केल्यालं हाय, साहेब," ती म्हणाली. "प्या. आमच्या घरात त्या अफवेवर विश्वास ठेवतेत."