आप्पांच्या गालावरचं बोट

डिंडोलीत आमच्या भाऊबंदकीतली एकही बैठक भटू आप्पांशिवाय बसत नाही. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सोयरीक असो, दोन भावांची वाटणी असो, की कानबाई देवी यंदा कोणाच्या घरी बसवायची हा वाद असो, पहिलं बोलावणं आप्पांना. आप्पा यायचे, भिंतीला टेकून बसायचे, डाव्या हाताचं एक बोट नाकाशेजारी गालावर ठेवायचे, गाल जरासा कानाकडे ओढायचे आणि गप्प राहायचे. बस्स. एवढंच. पण त्या बोटाचा असा काही दरारा होता की भलेभले गडबडून जायचे. एकदा भेस्तानच्या मंडळींनी छाती फुगवून सांगितलं, मुलगा परमनंट आहे. आप्पा गालावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. चहावर साय धरली. शेवटी मुलाच्या मामालाच घाम फुटला आणि तो म्हणाला, तसा परमनंट नाही, पण होईल. ती सोयरीक तिथेच मोडली आणि मुलीकडच्यांनी आप्पांना टोपी-उपरणं दिलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ उघडायची दुर्बुद्धी नेमकी मला झाली.

मी वर्षा. नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि नाकांवर माझा भारी जीव आहे. लोक माणसाचे डोळे बघतात, मी नाकाचा खालचा अर्धा भाग बघते. वरच्या भागात हाड असतं, त्यात काही गंमत नाही. खरी गंमत खाली. तिथे हाडाचा पत्ता नसतो, असते ती कूर्चा, कानासारखी वाकणारी. शेंड्याशी तिच्या दोन छोट्या कमानी असतात आणि त्यांच्या जोरावर दोन्ही नाकपुड्या उघड्या राहतात. कमान मोडली की श्वास आत घेताना नाकपुडी आत ओढली जाते आणि वाट बंद होते. एवढीशी ती कमान, पण सगळा जीव तिच्या भरवशावर. घरी जेवताना मी हे सांगायला लागले की आई ताट घेऊन आत जाते.

तर एके दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाई एका पेशंटला म्हणाल्या, नाकाशेजारी गालावर बोट ठेवा, गाल कानाकडे ओढा, आता श्वास घेऊन बघा. पेशंटचा चेहरा उजळला. श्वास मोकळा झाला म्हणाला. डॉक्टरबाई मला समजावायला लागल्या, की गाल ओढला म्हणजे नाकपुडी उघडते, त्यावरून दोष कुठे आहे ते कळतं. मी बघतच राहिले. समोर पेशंट नव्हताच, आप्पा बसले होते, बैठकीतले, गंभीर, बोटासकट. मला असं हसू फुटलं की ट्रे खाली ठेवून बाहेर पळावं लागलं. जिन्यात बसून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अख्खी भाऊबंदकी ज्याला विचार समजत होती, तो नुसता श्वास होता!

संध्याकाळी आप्पांना गाठलं. आधी त्यांनी उडवाउडवी केली, मग कबूल झाले. तरुणपणी कापडाच्या लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, धोटा उडून नाकावर बसला होता. शेंडा वाकडा झाला, डावी नाकपुडी बसली. दवाखान्यात कोण जातंय, पट्टी मारून परत पाळीवर. पुढे कधीतरी कळलं की गाल ओढला की बरं वाटतं.

"बोट लावं का श्वास येस. एवढंच," आप्पा खाली बघत म्हणाले. "बैठकमा काय चाली राह्यनं, माले निम्मं बी समजत नही. मी पुढला श्वासनी वाट दखस."

हे ऐकून मोठी आई, म्हणजे आप्पांची बायको शोभाबाई, कपाळावर हात मारून घेऊन हसली. आप्पांच्या घोरण्याने तिच्या नाकी नऊ आले होते, त्यामुळे ऑपरेशनला तिने लगेच होकार दिला. घाबरले ते आप्पा. डॉक्टरबाईंनी सांगितलं, कानामागून कूर्चेची एक पट्टी काढू, नाकपुडीत आधाराला बसवू, शेंडा सरळ करू. आप्पांनी विचारलं, कान दिल्यावर ऐकू कमी येईल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, अजिबात नाही. मोठी आई म्हणाली, आता नाकात कान बसतोय, तर बायकोचं निदान नाकाने तरी ऐका.

पट्ट्या निघाल्या त्या दिवसाचे आप्पा मला कधी विसरता येणार नाहीत. त्यांनी तोंड मिटून एक लांब श्वास घेतला, मग दुसरा, आणि एकदम लहान मुलासारखे खुदकन हसले. रिक्षात बसल्यावर तर विचारूच नका. नव्या साडीची खळ, कोणाच्या तरी घरचा ठेचा, गाडीवर गरम लोचो विकणाऱ्या फरसाणवाल्याचं तेल, प्रत्येक वासाला ते हात जोडून नमस्कार घालत होते. खाडीपुलावरून जाताना आम्ही नाकाला पदर लावला, तर हे म्हणतात, वा! मला इतका आनंद झाला होता की मीही पदर काढला, आणि लगेच परत लावला.

आणि मग माझी सोयरीक आली. कडोदऱ्याचे सखारामभाऊ, स्वतःचे लूम, एकुलता एक मुलगा योगराज. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा निरोप स्पष्ट होता: लग्नानंतर दवाखाना बंद. घरचा धंदा असताना सुनेने दुसऱ्यांची नाकं कशाला पुसायची? मी बाबांना सांगितलं, मला काम सोडायचं नाही. बाबा, म्हणजे चिंधाभाऊ, म्हणाले, बैठकीत बघू, आप्पा आहेत ना. मी निर्धास्त झाले. बैठकीच्या आदल्या दिवशी आप्पांजवळ बसून मी पोटभर रडले आणि म्हटलं, तुम्ही फक्त नेहमीसारखे बसा.

नेहमीसारखे! मी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो पाहुण्यांच्या देखत पडला. आप्पा भिंतीला टेकून बसले, पण हात मांडीवर. आतून शिऱ्याचा वास आला, वेलदोड्याचा, तुपाचा. आप्पांनी डोळे मिटून श्वास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की सखारामभाऊ खूश होऊन म्हणाले, आप्पांची पसंती दिसतेच आहे, आणा सुपारी. आईने ताट पुढे केलं. मी दारामागून जीव तोडून खुणा केल्या, गाल ओढा, गाल ओढा. आप्पांना खूण कळली. त्यांनी घाईघाईने बोट लावलं, पण गरज नसताना लावलेलं बोट वेगळंच दिसतं. सखारामभाऊंनी काळजीने विचारलं, दाढ दुखते का? लवंग धरा म्हणाले. त्यांच्या बाईंनी पिशवीतून लवंग काढूनही दिली.

लवंग तळहातावर घेऊन आप्पा माझ्याकडे बघत होते. सखारामभाऊंनी सुपारी उचलली. आप्पांनी तर उभ्या आयुष्यात बैठकीत एक अक्षर काढलेलं नव्हतं. आप्पांनी लवंग ताटात ठेवली, तोंड मिटून एक लांब श्वास घेतला, आणि बोलले.

"थांबा भाऊ. पोरना मनमा नही शे. तिले काम सोडनं नही. काल मनाजवळ बसीसन रडनी ती."

सखारामभाऊंनी सुपारी हळूच ताटात ठेवली. योगराज खाली बघत होता. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि आता ते आप्पांवर ओरडतील असं मला वाटलं. बाबा ओरडले नाहीत. भावाचा आवाज बैठकीत पहिल्यांदा ऐकून ते बिचारे गोंधळले होते. मग ते मागे, दाराकडे वळले. शाळा, नर्सिंग, सोयरिकी, सगळं त्यांनी आजवर माझ्यासाठी ठरवलं होतं, प्रेमानेच ठरवलं होतं, पण मला विचारून कधी नाही.

"वर्षा," ते म्हणाले, "खरं का? तुला काय वाटतं?"

मी दारामागून बाहेर आले आणि सगळ्यांच्या समोर म्हटलं, "मला हे लग्न नाही करायचं, बाबा."