मामांची बदकं आणि मामींची कोंबडी

कस लावून पाहिल्याशिवाय माझ्या थोरल्या मामांनी या जगातली एकही वस्तू घरात घेतलेली नाही. अपवाद एकट्या मामींचा, आणि तोसुद्धा लग्नाच्या वेळी मामांना परतीची गाडी गाठायची होती म्हणून. मामा मूळचे विट्याचे. विट्याच्या रीतीप्रमाणे मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या दुकानात कामाला लागले ते थेट केरळात. जुनं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं, त्याचा कस सांगायचा, यात त्यांची उमर गेली. आता दुकान सुटलं, पण सवय काही सुटली नाही. बाजारात ते कलिंगडाला आधी टिचकी मारतात, मग कान लावतात, मग डोळे मिटून उभे राहतात. तोवर मागचं गिऱ्हाईक कलिंगड घेऊन घरी पोचलेलं असतं. चहाचा पहिला घोट ते गिळत नाहीत, जिभेवर घोळवतात आणि दूधवाल्याविषयी मत बनवतात. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडली तेव्हा मामांनी आशीर्वादाच्या आधी तिच्या हातातली पाटली अंगठ्याने चोळून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं हाय." हे पाटलीबद्दल होतं की तिच्याबद्दल, हे तिला आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या वर्षी मामांनी सांगलीत घर घेतलं. मागे चार पपया मावतील एवढं परडं. विट्याहून मामी आल्या आणि दोघांचा संसार खऱ्या अर्थाने सुरू झाला. आजवर मामा यायचे ते जत्रेला आणि दिवाळीला. पोरं वाढवली, लग्नं लावली, सासू-सासऱ्यांचं केलं ते सगळं मामींनी. आता समोरासमोर दिवसभर बसायची पाळी आली तर बोलायचं काय, हेच दोघांना समजेना. एकाच घरातल्या दोन नव्या भाडेकरूंसारखे अदबीने वागायचे. शेवटी मामींनी सांगून टाकलं, "दिवाळीपतुर बघती. न्हाई करमलं तर मी आपली इट्याला जाती." मामांनी मला फाटकाशी गाठून हे हळू आवाजात सांगितलं. इतका भ्यालेला माणूस मी फार दिवसांनी पाहिला. "गड्या, परड्यात कायतरी जितंजागतं पायजे," ते म्हणाले. "मग घर बोलाय लागंल."

जितंजागतं म्हणजे मामांच्या मनात बदकं होती. केरळात भातखाचरांतून चाललेले बदकांचे तांडे त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिले होते आणि तेवढ्यावर त्यांचं या विषयातलं शिक्षण पूर्ण झालं होतं. मामींचं म्हणणं, पाळायच्या तर कोंबड्याच. त्यांचं माहेर कुंडलचं, कोंबड्यांमागे धावतच त्या मोठ्या झालेल्या. मला पंच म्हणून बसवण्यात आलं. बदकाचं अंडं मोठं, बदक मेथीचा वाफा उकरत नाही, गोगलगायी वेचून खातं, अशी मामांची बाजू होती, आणि शेवटी हुकमी पान: "सांगलीत कृष्णामाईचं पाणी कवा दारात येईल न्हेम न्हाई. कोंबडी बुडंल. बदक पवंल."

"आन् आपुन?" मामी म्हणाल्या. "बदकावर बसून जायाचं व्हय?"

मग मामींनी आपली बाजू मांडली. "बदकं परड्याचा चिखूल करत्यात. कोंबडीला मूठभर दाणं टाकलं की झालं. नव्या मानसानं आपली कोंबडीच पाळावी."

"नवं कोन हाय हितं?"

"तुमी."

हा वाद दिवसच्या दिवस चालला. एका सुपात शेंगा फोडत दोघं भांडत बसायची, आणि सूप रिकामं झालं की मामा आणखी शेंगा आणून ओतायचे.

तोड निघाली ती अशी: अंडी बदकाची, बसणार कोंबडी. मामींनी कुंडलहून भावाकडची खुडूक कोंबडी मागवली. खुडूक म्हणजे अंड्यांवर ठाण मांडायची लहर आलेली, हलवायला गेलं तर अंगावर येणारी. मामांनी मिरजेकडच्या ओळखीच्या माणसाकडून अंडी आणली. एकेक अंडं तळहातावर जोखलं, दुकानातल्या भिंगाखाली घातलं. पुढे माळ्याखालच्या अंधारात मोबाईलच्या उजेडावर धरून आतल्या शिरा मामींना दाखवल्या. कोंबडीने त्यांच्या मनगटाचा लचका तोडला, तर खूश होऊन म्हणाले, "राखन चोख हाय."

घोटाळा झाला तो पुढे. मामींच्या हिशेबी अंडं म्हणजे तीन आठवडे. बदकाला त्याच्यावर आणखी एक आठवडा लागतो हे कोंबडीवालीला ठाऊक नव्हतं, आणि खिडकीतून बदकं पाहिलेल्याला तर मुळीच नव्हतं. तीन आठवडे उलटून वर चार दिवस गेले तरी अंडी ढिम्म. कोंबडी वाळून निम्मी झाली. मामींना तिची दया आली. "अंडी नासली. उठवा तिला. मुक्या जीवाला उगा बसवून ठिवू नगा."

"आजून चार दिस बघू की."

"तुमास्नी काय," मामी म्हणाल्या, "बाईमानसाला वाट बघाय लावायची सवयच हाय."

मी तिथेच होतो आणि तिथे नसतो तर बरं, असं मला वाटलं. मनगट खरवडून घेत मामांनी कोंबडीखालचं एक अंडं काढलं, कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग ते अंडं त्यांनी मामींच्या कानाशी धरलं. मामींचा रागावलेला चेहरा बघता बघता बदलत गेला.

"आवं," त्या कुजबुजल्या, "आत कोनतरी बोलतंय."

पिवळीधमक पिल्लं निघाली आणि कोंबडीला कसलाही संशय आला नाही. दिवाळी आली, भाऊबीजही सरली. जायचं की राहायचं यावर मामींनी अवाक्षर काढलं नव्हतं आणि विचारायची मामांची छाती नव्हती. मी फराळाचं घेऊन गेलो त्या सकाळी मामांनी परातीत पाणी भरून परड्यात ठेवलं होतं. पिल्लं धपाधप आत पडली. कोंबडी आकांत करत परातीभोवती धावायला लागली, आणि तिच्यामागे मामी. "आवं काढा, काढा! बुडत्यात की!" मामा पोट धरून हसत होते. पिल्लं मजेत पवत होती.

शेवटी कोंबडी दमली आणि परातीच्या काठाशी बसून राहिली. मामीही पायरीवर टेकल्या. कोंबडीकडे बघत होत्या.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "फुडच्या खेपंला हिला कोंबडीचीच अंडी दिऊ. उन्हाळ्याच्या आदी बसवू."

मामांचं हसू थांबलं. "काय म्हनलीस?"

"ऐकाय येत न्हाई व्हय?"

"आलं," मामा म्हणाले. "पर परत म्हन की."

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं, आणि परत म्हणाल्या.