वहिनी कॅसेटमध्ये नव्हत्या

माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या मुलीच्या लग्नात अक्षतांच्या वेळी मांडवात नव्हत्याच, हे मी एका दिवाळीत चारचौघांसमोर सिद्ध करून दाखवलं. नुसतं बोलले नाही, पुरावा म्हणून व्हीसीआर लावला. तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडची, अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्यांची मालकीण आणि आमच्या बिल्डिंगमधली व्हीसीआर असलेली एकुलती एक बाई. एवढं सगळं असल्यावर आणखी अक्कल कशाला लागते, असा माझा समज होता.

जाऊबाईंना मी वहिनी म्हणायची. दीर तरुणपणीच गेले, मूलबाळ नव्हतं, बदलापुरात एकट्याच राहायच्या. मी नोकरीवर जायची तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्याच मांडीवर वाढली. मुलगी त्यांना मोठी आई म्हणे. दर शनिवारी वहिनी आमच्याकडे यायच्या. हंगामात पिशवीभर जांभळं आणायच्या, आणि "धुऊन खा गं, नाहीतर मुलीच्या आधी तुझाच घसा बसेल," असं मलाच सांगायच्या.

लग्न झालं नव्वदच्या आसपास. आमच्यात मुलीच्या आईने मंगलाष्टकं चालू असताना मांडवात थांबायचं नसतं. तिने तुळशीपाशी जाऊन पाणी घालत राहायचं. हॉलची तुळस होती मागच्या बाजूला, भांडी घासायच्या मोरीशेजारी, एका गंजक्या पत्र्याच्या डब्यात. पोटच्या पोरीवर अक्षता पडत होत्या आणि मी त्या डब्यात पाणी ओतत उभी. डबा भरून पाणी माझ्या पैठणीवर आलं तरी ओततेच आहे. 'सावधान' तेवढं कानावर यायचं, मग बँड वाजला, मग मला बोलावलं.

म्हणजे माझ्या मुलीचं लग्न मी पाहिलं ते महिन्याभराने, टीव्हीवर.

शूटिंग करणारे उल्हासनगरच्या कॅम्पातले एक सिंधी गृहस्थ होते. हौशी माणूस. कॅसेटमध्ये त्यांनी अशी कारागिरी केली होती की विचारू नका. बदामाच्या आकारात नवरानवरी, गोल फिरणारी विहीणबाई, आणि मंगलाष्टकांत तर दर थोड्या वेळाने एक मोठा लाल गुलाब पडदाभर उमलायचा. मला त्या गुलाबांचा केवढा अभिमान. आल्यागेल्याला चहाच्या आधी कॅसेट. मुलगी लांब बडोद्याला गेलेली, तिची आठवण आली की कॅसेट. मला ती इतकी पाठ झाली की पुढे कोण जांभई देणार हे मी आधी सांगायची. आणि हळूहळू एक गंमत झाली. तुळस, मोरी, ओली पैठणी, सगळं पुसलं गेलं. मी मांडवातच होते, पहिल्या रांगेत उभी राहून सगळं डोळ्यांनी पाहिलं, असं मी सांगायला लागले. खोटं बोलतेय असं एकदाही वाटलं नाही.

मग ती दिवाळी. शेजारच्या दोघी फराळाला आल्या होत्या. वहिनी होत्या, आमचे हे होते. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "अक्षतांच्या वेळी पोरीचा हात बर्फासारखा पडला होता. मी आपली चोळत उभी होते."

मला कुठे झोंबलं ते आज कळतं. मी जिथे नव्हते तिथे त्या होत्या. तेव्हा मात्र मी चकलीचा तुकडा खाली ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, तुम्ही कुठे होतात तिथे?"

"म्हणजे काय? तिच्या शेजारी."

"काहीतरीच. मी शंभर वेळा पाहिलंय. तुम्ही नव्हतात."

"होत्या की बहुतेक," हे मधेच म्हणाले.

"बहुतेक म्हणजे? दाखवा बघू."

आणि लावली मी कॅसेट. सगळी. मामा दिसला, करवली दिसली, भटजींची शेंडी दिसली, गुलाब उमलले, मिटले. वहिनी नाहीत. मी वर पुन्हा मागे नेऊन तोच भाग दाखवला, कोर्टात दाखवावा तसा. शेजारीण म्हणाली, "खरंच की हो, नाहीत या." वहिनी चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. शेवटपर्यंत पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नसेन मग."

पिशवी उचलून त्या नेहमीच्या वेळेआधीच निघाल्या. मी जिंकले होते. मुलीला पत्र टाकून एका ओळीत विचारता आलं असतं, पण घरात कॅसेट असताना माणसांना कशाला विचारायचं?

त्यानंतर शनिवार रिकामे जायला लागले. निरोप पाठवला की उत्तर यायचं, गुडघे दुखतात. दोन उन्हाळे जांभळं आली नाहीत. हे एकदा म्हणाले, "तू जाऊन ये." मी म्हटलं, "माझं काय चुकलं? जे आहे ते आहे."

मग एक दिवस व्हीसीआरने कॅसेट चावली. नेमकी मंगलाष्टकांतच. मी ती पिशवीत घालून उल्हासनगर गाठलं. ते गृहस्थ थोडे जाड झाले होते, दुकान मोठं झालं होतं. कॅसेट पाहून म्हणाले, "भाभी, ये तो गई. लेकिन आपका ओरिजिनल पडा है मेरे पास. मराठी शादी का सॅम्पल करके रखा था, पार्टी को दिखाने के लिए."

त्यांनी ती जुनी टेप लावली. न कापलेली, गाणी न घातलेली, गुलाब न लावलेली. हॉलमधला गोंगाट जसाच्या तसा. चित्र हलत हलत मांडवाकडे निघालं होतं, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एका बाईचा घाईघाईचा आवाज आला, "भैया, वो फिकी साडीवाली बाई को मत लेना हां. टिकली नहीं है ना. लडकेवाला लोग देखेगा तो अच्छा नहीं दिखता."

असलं भयंकर हिंदी अख्ख्या अंबरनाथात एकच बाई बोलायची.

पुढे मंगलाष्टकं सुरू झाली. मुलीच्या डाव्या बाजूला वहिनी. मोतिया रंगाची साडी, कपाळ मोकळं, दोन्ही हातांत मुलीचा हात. चोळतायत. मध्येच पदराने तिच्या नाकाचं टोक टिपतायत. कॅमेरा त्यांना टाळायला बघायचा, पण मुलीला घ्यायचं तर त्या येणारच. जिथे जिथे त्या येत होत्या तिथे तिथे घरच्या कॅसेटमध्ये गुलाब होता. मी मोजायला लागले आणि चौथ्या गुलाबाला थांबले.

"आपने बोला था, इसलिए ढक दिया," ते म्हणाले. "मिक्सिंग में बहुत मेहनत लगी, भाभी."

मी परस्पर बदलापूरला गेले. वहिनी दारात बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मी शेजारी बसून सोलायला घेतले. त्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता, तेव्हा जे काय ते तोंडानेच सांगावं लागलं. वाल सोलता सोलता सांगितलं. टेपमध्ये काय दिसलं ते, आणि माझा आवाज काय बोलला ते, त्याच हिंदीत. 'टिकली नहीं है' म्हणताना हातातला वाल सालासकट पातेल्यात गेला. वहिनींनी तो उचलला, सोलला, परत टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"अगं, ते मी तेव्हाच ऐकलं होतं, तुझ्या मागेच तर उभी होते. त्याचं काही नाही. लग्नघरात मुलीच्या आईचं डोकं ठिकाणावर नसतं. पण दिवाळीत तू मुद्दाम खोटं बोलत असतीस ना, तर मी चांगली भांडले असते. तुला तर खरंच आठवत नव्हतं. मग भांडायचं कुणाशी, टीव्हीशी?"