काकांच्या हातातला धूर

माझे काका घड्याळं दुरुस्त करतात आणि रविवारी बोट क्लबात हौशी मंडळींना संकटाचे इशारे द्यायला शिकवतात. दिवसा नारिंगी धुराचा डबा, अंधारात लाल ज्योत, मुदत संपलेलं काहीही बोटीत ठेवायचं नाही. आणि डबा पेटवला की हात बोटीबाहेर काढून धरायचा, वारा धूर जिकडे वाहून नेतो त्या बाजूला. काकू म्हणते, "झोपेतून उठवलं तरी हेच बोलतील." शंका विचारलेली त्यांना आवडते, चूक काढलेली मुळीच नाही.

मागच्या महिन्यात त्यांनी बाबांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, बोटीतून फिरायला नेलं. बाबांना दमा आहे. भर दुपारी इंजिन बंद पडलं आणि ओहोटी बोटीला खडकांकडे ओढू लागली. नांगर धरेना, फोनला रेंज नाही.

"अरे, धूर सोड की," बाबा म्हणाले.

पण बचाव बोटीवर काकांचेच विद्यार्थी. त्यांच्यासमोर हात टेकायचे म्हणजे काकांच्या जिवावर आलं. "होईल आत्ता चालू," म्हणत ते इंजिनाशी झटत राहिले. खडक पुढ्यात आले तेव्हा कुठे डबा पेटला, तोही वाऱ्याच्या भलत्याच बाजूला. सगळा धूर बोटीत शिरला आणि बाबांचा श्वास कोंडला.

धूर पाहून बचाव बोट आली, म्हणून दोघे वाचले. यातलं खरं काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दवाखान्यात शुद्धीवर येताच बाबांनी सांगून टाकलं, "डबा मी पेटवला. मला काय कळतंय त्यातलं."

"सख्खा भाऊ मास्तर, आणि तुमची ही तऱ्हा," मी त्यांची भरपूर चेष्टा केली. काका पलंगाशेजारी मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, भावाच्या काळजीने.

महिनाभर बंद असलेला वर्ग पुन्हा भरला, तेव्हा बाबा हट्टाने आले, मला घेऊन. काका वाऱ्याच्या मुद्द्यापर्यंत पोचले आणि अडखळले. बाबा लगेच मदतीला धावले. "थोडक्यात काय, माझ्यासारखं करू नका," म्हणून स्वतःच हसले. बाकी कोणी हसलं नाही. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, ती काही केल्या थांबेना.

काकांनी हातातला रिकामा डबा टेबलावर ठेवला.

"दादाने नाही, मी पेटवला," ते म्हणाले. "तो सांगत होता तेव्हा लाजेपायी पेटवला नाही. आणि मग असा पेटवला."

दवाखान्यातली माझी बडबड आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं. बाबा खोकतच हाताने काकांना गप्प बसायला खुणावत होते.

बचाव बोट चालवणारी बेकरीवाली मागच्या बाकावर होती. ती हळूच म्हणाली, "आम्ही आलो तेव्हा डबा तुमच्याच हातात होता, सर. इथे सगळ्यांना माहीत आहे."

काका खुर्चीत बसले. महिनाभर ही सगळी माणसं त्यांना वाटेत भेटत होती, दादांची तब्येत विचारत होती, आणि त्यांच्या उत्तराची वाट बघत होती.